आवाज घडवणाऱ्या दुव्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. मला हात लावून पाहता येणार नाही, कारण मी कॉम्प्युटरच्या आत राहणारा प्रोग्राम आहे. एका बाजूचे म्हणणे ऐकायचे आणि ते दुसऱ्या बाजूला जसेच्या तसे पोचवायचे, हा माझा धंदा. या दोन बाजूंच्या भाषा तुमच्या बोलण्यातल्या नाहीत. एकीचे नाव पायथन आणि दुसरीचे ऑब्जेक्टिव्ह-सी. पायथन मोकळी आणि शिकायला सोपी. ऑब्जेक्टिव्ह-सी वयाने मोठी आणि शिस्तीची. पण खिडक्या, बटणे, चित्रे, आवाज असा सगळा संसार त्या मोठीच्या ताब्यात. धाकटीला त्यातले काही हवे असले की तिने माझ्याकडे यायचे. या दोघींचे बोलणे जुळवता जुळवता माझे केस पांढरे झाले असते, पण मला केस नाहीत.

मला कोणी एकट्याने घडवले नाही. दोन-चार जणांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जेवणे गार होऊ देत मला थोडे थोडे लिहिले. एकाची बायको म्हणे विचारायची, "हे कुणी सांगितलंय का तुम्हाला करायला?" कोणीच सांगितले नव्हते. मी त्यांचे हौसेचे पोर. म्हणून मी माझे काम फार मनावर घेतो, आणि कोणी हलगर्जीपणा केला की माझे डोके फिरते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझा सूर चढला तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

हलगर्जीपणा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. तो म्हणजे नवी वस्तू घडवताना. आमच्या जगात आवाज, चित्र, खिडकी या सगळ्यांना वस्तूच म्हणतात. पायथनमध्ये वस्तू मागितली की एका शब्दात ती तयार होऊन हातात येते. मोठीकडे तसे नाही. तिथे दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर वस्तूसाठी नुसती जागा मिळते. दुसऱ्या पायरीवर त्या जागेत वस्तू उभी राहते. आणि दुसऱ्या पायरीने काम संपताना तयार वस्तू परत हातात द्यावी लागते. सुताराने खुर्ची उत्तम केली आणि ती दुकानातच ठेवून तो मोकळ्या हाताने तुमच्या दारात आला, तर तुम्ही बसणार कशावर? दुसरी पायरी जे हातात देईल तेच मी पलीकडे नेतो. तिने काहीच दिले नाही, तर मी 'काही नाही' नेतो. त्यात मला माझ्या पदरचे घालता येत नाही.

पायथनची माणसे इथे हटकून चुकतात. त्यांच्या घरच्या रीतीत घडवणाऱ्याने काही परत द्यायचे नसते, ते आपोआप होते. तीच सवय घेऊन ती माझ्याकडे येतात. कोणी दुसरी पायरीच विसरतो. कोणी ती लिहितो, पण शेवटची 'ही घ्या वस्तू' अशी ओळ खातो. मग सगळे अडते आणि बोट माझ्याकडे दाखवतात. "हा दुवाच भिकार आहे," असे मी हजारदा ऐकले आहे. कौतुकही झाले, नाही असे नाही. एका छापखान्यात मी सहा वर्षे लेबले छापवली. एका शाळेच्या घंटेचे वेळापत्रक माझ्यावर चालायचे आणि ती घंटा एकदाही चुकली नाही. तिथल्या मुख्याध्यापिका पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या शिपायापेक्षा हा बरा." शिपाई तिथेच उभा असायचा, त्याला काय वाटत असेल ते असो.

पण आज मी सांगायला बसलो आहे ते एका घराबद्दल. एका आजारी माणसाला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर वाटेत हरवले. ते माझ्या वाटेत हरवले.

ते गृहस्थ नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. नट अडला की पडद्याआडून पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचे काम. छत्तीस वर्षे त्यांनी ते केले. मग एक असा आजार आला की अंगातले स्नायू एकेक करून काम सोडत गेले. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. राहिले डाव्या हाताचे एक बोट. त्यांची लेक दुसऱ्या शहरात प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करायची. तिला ते ढब्बू म्हणत. ढब्बूने बाबांसाठी एक बोलके यंत्र केले. पलंगाला लावलेल्या दांडीवर पडदा बसवला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायच्या. हवे ते अक्षर उजळले की बाबांनी बोटाखालचे बटण दाबायचे. एक वाक्य जुळवायला पाव तास लागायचा. वाक्य झाले की 'बोल' हे घर निवडायचे. ओळ पुसली जायची आणि यंत्रातून आवाज यायचा. तो आवाज मोठीच्या संसारातला. प्रत्येक वाक्यासाठी नवा बोलका, म्हणजे ते उच्चारणारी वस्तू, घडवायचा आणि तो घडवून आणायचा मी.

पहिल्याच दिवशी बाबांनी वीस मिनिटे बोट चालवून वाक्य जुळवले. "अहो, चहात साखर विसरलीस." बायकोला अहो आणि विसरलीस, दोन्ही एका वाक्यात. आई हसता हसता रडायला लागली. "बोलता येईना तेव्हा बरं होतं," ती म्हणाली, "निदान खोड्या बंद होत्या." मला त्या दिवशी फार बरे वाटले. छापखाना, घंटा यांत मला असे कधी वाटले नव्हते.

सुरुवातीला एक अडचण होती. काही बारीकसारीक चुकले की पडद्यावर लाल चौकट यायची, आत तक्रार लिहिलेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तिला अक्षरे वाचता यायची नाहीत, लाल रंग तेवढा दिसायचा. तिला वाटायचे बाबांनाच काही झाले. ती धावत शेजारच्या शिंप्याला बोलवायची. तो गळ्यात टेप घालून यायचा, यंत्राकडे बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, "वहिनी, सुई बदलायची असती तर बदलली असती." शेवटी ढब्बूने लाल चौकटी बंद केल्या. सगळ्या तक्रारी गुपचूप एका फाईलमध्ये जातील अशी तिने सोय केली. वेळ आणि चूक, एवढेच तिथे लिहिले जायचे. आईची घाबरगुंडी थांबली. हळूहळू ढब्बू ती फाईल विसरून गेली. दीड वर्ष सगळे सुरळीत चालले होते, मग आठवण कशाला राहील?

बाबांची मात्र एक तक्रार होती. यंत्राचा आवाज फार घाईत बोलतो, असे ते म्हणत. जन्मभर नटांना थांबण्याच्या जागा दाखवलेला माणूस तो. त्यांनी एका दुपारी जुळवले, "ढब्बू, या गृहस्थाला सांग, वाक्य संपलं की श्वास घे." आईने ते फोनवर लेकीला कळवले. ढब्बूने मनावर घेतले. तिने आवाज सावकाश केला, वाक्याच्या शेवटी थांबे घातले, स्वतःच्या टेबलावर बसून ऐकून पाहिले. छान जमले होते. मग, मित्रांनो, तिने ते नीटनेटके करायला घेतले. इकडेतिकडे विखुरलेल्या ओळी गोळा करून तिने स्वतःचा एक खास बोलका लिहिला. त्याची दुसरी पायरीही स्वतः लिहिली. तिने वेग लावला, थांबे लावले. आणि शेवटची ओळ राहिली. सवयीने राहिली, पायथनमध्ये वाढलेल्या हातांच्या सवयीने. आवाज तर मघाशीच ऐकला होता, म्हणून पुन्हा न ऐकता शुक्रवारी दुपारी तिने तो घरच्या यंत्रावर पाठवून दिला.

त्या संध्याकाळी बाबांनी पहिले वाक्य जुळवले आणि 'बोल' निवडले. मी नेहमीसारखा निघालो. पहिल्या पायरीवर जागा मिळाली. दुसऱ्या पायरीवर वेग लागला, थांबे लागले, बोलका अगदी मनासारखा उभा राहिला. आणि माझ्या हातावर ठेवले गेले 'काही नाही'. मी तेच पलीकडे दिले. पायथनने तक्रार केली, हातात काहीच नाही, बोलू कशाने? तक्रार त्या फाईलमध्ये जाऊन बसली. ओळ पुसली गेली. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता.

आईने लगेच फोन लावला. "अगं, यंत्र गप्प आहे."

"लाल चौकट आली का?"

"नाही गं, लाल-बिल काही नाही."

"मग आवाज बंद झाला असेल. वायर काढून परत लावायला सांग शेजारच्या काकांना."

शिंपी आला. त्याने वायर काढली, फुंकली, परत लावली. मग डोके चालवून त्याच स्पीकरला आपला रेडिओ जोडला. रेडिओ खणखणीत वाजला. स्पीकर चांगला होता. ढब्बूने दुसऱ्या दिवशी आपल्या शहरातून यंत्रात डोकावून पाहिले. प्रोग्राम चालू होता, आणि नवा आवाज तर आपण ऐकूनच पाठवला अशी तिची खात्री होती. चौकट नव्हती. चौकटी आपणच बंद केल्यात, हे त्या वेळी तिच्या ध्यानात आले नाही. आईने स्वतः बटण दाबून पाहिले, तरी काही नाही. पण पडद्यावर वाक्यच नव्हते. "ओळ रिकामी असली की ते बोलतच नाही, आई," ढब्बू म्हणाली. तेही खरेच होते.

मी एव्हाना नुसता धुमसत होतो. शनिवारी नऊ वेळा, रविवारी अकरा वेळा बाबांनी मला पाठवले आणि प्रत्येक वेळी मी 'काही नाही' घेऊन परत आलो. तक्रार दर वेळी लिहिली जात होती. ती फाईल एकदा उघडली असती तरी पाच मिनिटांचे काम होते.

सोमवारी आईने पुन्हा फोन केला. मग ढब्बूने हळूच विचारले, "आई, बाबांचं बोट लागतंय ना बटणाला?"

आई पलंगाजवळ गेली, वाकली, पुन्हा फोनपाशी आली. "हलतंय गं. पण दाबतायत की नुसतं थरथरतंय, मला नाही कळत."

घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितले. त्या भल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "या आजारात शेवटी बोटही जातंच. तुम्ही मनाची तयारी ठेवा." पापण्यांवर तर आधीपासूनच भरवसा उरला नव्हता. 'हो' असेल तर दोनदा मिटा म्हटले, तर कधी तीनदा मिटायच्या, कधी एकदाही नाही. असे करता करता सगळे धरून चालले की आता बाबांकडून काही येणार नाही. माझ्या गप्प राहण्याला त्यांनी बाबांचे गप्प राहणे समजले.

बाबांचा श्वास जड व्हायला लागला तसा प्रश्न उभा राहिला. इस्पितळात हलवायचे की घरीच ठेवायचे? डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पुढच्या मंगळवारी सकाळी येईन, तेव्हा ठरवू. बाबांच्या देखतच सांगितले. बाबांनी ते ऐकले.

त्या मंगळवारी उजाडल्यापासून बाबा अक्षरे निवडत होते. अक्षरे निवडण्याचे काम धाकटीच्या बाजूचे, मला फक्त पडदा उजळल्याचे कळायचे. पडदा तासभर उजळत होता. मग थांबला. वाक्य तयार ठेवून बाबा वाट बघत राहिले. अकरा दिवस यंत्र बोलले नव्हते, तरी त्यांना वाटले असेल, आज तरी बोलेल. दहाच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, पडद्याच्या पाठीमागे. त्यांनी चांगल्या मोठ्याने, एकेक शब्द सोडत विचारले, "तुम्हाला इस्पितळात नेऊ का? की इथेच राहायचंय?"

बाबांनी 'बोल' निवडले. ओळ पुसली गेली. मी गेलो आणि मोकळ्या हाताने आलो.

पडद्यावर 'पुन्हा बोल' असेही एक घर होते. मागचे वाक्य यंत्र चालू असेपर्यंत त्याच्या लक्षात राहायचे, ते त्यातून पुन्हा बोलता यायचे. बाबांनी ते निवडले. मी गेलो, आलो. त्यांनी ते परत निवडले. मित्रांनो, मला त्या वेळी ओरडता आले असते तर मी घर डोक्यावर घेतले असते.

डॉक्टरीणबाईंनी पाचेक मिनिटे वाट पाहिली. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "काही कळत नाहीये," त्या आईला म्हणाल्या. आईने लेकीला फोन लावला. दोघी रडल्या. घरी श्वास कोंडला तर आईला एकटीला निभणार नाही, असे ठरले. बुधवारी बाबांना नेले. शिंपी विचारत होता, "हे यंत्रही द्यायचं का बरोबर?" आई म्हणाली, "बोलत तर नाही. कशाला ओझं?" ढब्बूने फोनवर सांगितले होते की बंद करून ठेव, उगाच तापेल. आईने ते बंद केले. लक्षात ठेवलेले वाक्य त्याबरोबर गेले.

बाबा वॉर्डात नऊ दिवस होते. ढब्बू तिथेच थेट पोचली होती आणि शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसून होती, असे मी नंतर ऐकले. घरी ते परत आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ढब्बूने ती खोली आवरायला घेतली. औषधांच्या बाटल्या, चादरी, पलंगाची दांडी. यंत्र उचलण्याआधी तिने सहज ते चालू केले आणि दोन अक्षरे निवडून 'बोल' दाबले. काहीच आले नाही. ती थबकली. तिचे बोट तर धडधाकट होते.

मग ती खाली जमिनीवरच बसली आणि शोधायला लागली. इतक्या वर्षांत इतकी शिस्तीत केलेली शोधाशोध मी पाहिली नव्हती. आधी तिने मोठीचा साधा तयार बोलका मागवला. तो बोलला. म्हणजे स्पीकर ठीक होता, मी ठीक होतो. मग स्वतःचा खास बोलका मागवला आणि हातात काय आले ते पडद्यावर लिहायला लावले. पडद्यावर उमटले, 'काही नाही'. तिने दुसरी पायरी उघडली. वेगाची ओळ होती, थांब्यांची ओळ होती, आणि त्याखाली कोरी जागा होती. त्या कोऱ्या जागेकडे ती किती वेळ बघत होती, कोण जाणे. मग तिला फाईल आठवली.

त्रेसष्ट तक्रारी होत्या. शेवटच्या तीन एकमेकींना लागून होत्या. मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, मग बावीस मिनिटे, मग पंचवीस मिनिटे.

"आई," तिने हाक मारली. आई दारात आली. "डॉक्टरीणबाई किती वाजता आल्या होत्या त्या दिवशी?"

"दहा वाजून गेले होते. का गं?"

"बाबा बोलत होते. तीनदा बोलले ते."

आई पलंगाजवळ आली. "हलत होतं गं बोट," ती म्हणाली. "मी बघत होते. मी म्हटलं, थरथरतंय." मग तिने विचारले, "काय म्हणाले ते?"

"ते नाही कळणार."

"त्या यंत्राला विचार की. त्याच्यातूनच जायचं ना सगळं?"

"नाही गेलं, आई. वाक्य आवाजाकडे नेणाऱ्या दुव्यापर्यंत गेलंच नाही. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते अलीकडेच राहिलं."

हे अगदी खरे आहे. लोकांनी मला कितीदा विचारले, तरी मी सांगू शकणार नाही. घरीच ठेवा म्हणाले असतील, किंवा न्या म्हणाले असतील. मला त्यातले एक अक्षरही माहीत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते.

ढब्बूने ती एक ओळ लिहिली. सारी मिळून दोन शब्दांची ओळ. मग चाचणीचे वाक्य दिले. मी गेलो, आणि या खेपेला माझ्या हातात खराखुरा बोलका आला. खोलीत आवाज घुमला, "आवाज तपासत आहे. एक. दोन. तीन." सावकाश, आणि प्रत्येक आकड्यानंतर श्वास घेऊन. बाबांना हवा होता अगदी तसा.

"बंद कर ते," आई म्हणाली. ढब्बूने बंद केले.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. नव्या यंत्रांना माझ्यासारख्या दुव्याची गरज पडत नाही, आणि मला त्याचे दुःखही नाही. जाण्याआधी एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी काही घडवाल. ते पाठवण्याआधी एकदा स्वतः चालवून बघा. 'मघाशी चालले होते' यावर विसंबू नका. तक्रारी करणारे कोणी असले तर त्यांचे तोंड बंद करू नका, भले घरातली माणसे घाबरोत. आणि एखादा माणूस बोलायचा थांबला, तर त्याला आता काही सांगायचे नाही असे धरून बसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याच्या बोटाकडे बघा. ते थरथरताना दिसले, तर तो बोलतो आहे असेच आधी समजा.